वन्येने वसंताला मोकळे केले

पूर्वी कृतयुगात, ऋतू देह धारण करून पृथ्वीवर वावरत आणि ऋषींच्या आज्ञेवाचून कोणत्याही तपोवनाची सीमा ओलांडीत नसत, त्या काळी विंध्यगिरीच्या दक्षिण उतारावर, कपिला नदीच्या तीरी दीर्घसत्र नामक कुलपतीचा विशाल आश्रम होता. ब्रह्मदेवाने या आश्रमाला एक मान दिला होता. शिशिराच्या अखेरीस कुलपतीने स्वतः पायी वनप्रदक्षिणा करावी, वृक्षवेली डोळ्यांनी न्याहाळाव्यात आणि मग शंख फुंकून वसंतागमन घोषित करावे. तोवर वसंताने आपली चाहूल तेवढी पुढे पाठवून सीमेवर तिष्ठावे, आणि शिशिरव्रतस्थांनी अग्नीचा आश्रय न घेता त्रिकाळ नदीत स्नान करावे.

दीर्घसत्राची विद्वत्ता थोर, त्याबद्दल वादच नाही. पण थंडीत पाऊल बाहेर टाकायचे म्हटले की स्वारीच्या अगदी जिवावर येई. म्हणून त्याने प्रदक्षिणाच मोडीत काढली होती! अग्निशाळेत, होमकुंडाच्या उबेला मृगाजिन पसरून तो नक्षत्रांचे गणित मांडी आणि गणित सांगेल त्या दिवशी शंख फुंकी. बाहेर व्रतस्थ काकडत असत, त्याचे त्याला काय!

त्या व्रतस्थांत धृतवर्चा नावाचा वयोवृद्ध ऋषी होता. त्या वर्षी थंडी त्याच्या छातीत बसली. उठताना त्याला धाप लागे, स्नान करून येताना त्याचे ओठ काळेनिळे पडत. त्याची कन्या वन्या हे रोज पाहत होती. शंख लवकर वाजला नाही तर तात हाती लागत नाहीत, हे तिला कळून चुकले. कुलपती जात नाही तर आपण जाऊ, असे म्हणून एका सकाळी ती एकटीच प्रदक्षिणेला निघाली.

दवाने पायवाट भिजली होती, बोटे बधिर होत होती. पण पाठीवर पडणारे ऊन कालच्यासारखे निस्तेज नव्हते. पळसाच्या निष्पर्ण फांद्यांवर काळसर मखमली कळ्या धरल्या होत्या. सावरीच्या काटेरी अंगावर एकच लाल फूल उमलले होते आणि त्याभोवती मधमाश्यांची झुंबड उडाली होती. नदीकाठच्या आंब्याला तर चक्क मोहर आला होता. वन्येला रडूच आले. एक तुरा घेऊन ती धावत अग्निशाळेत गेली.

दीर्घसत्राने तुऱ्याकडे धड पाहिलेही नाही. "अजून तेरा दिवस आहेत," तो म्हणाला. "नक्षत्रे असत्य बोलत नाहीत."

"कुलपते, नक्षत्रे दूर आहेत आणि आंबा दारात आहे. उठून पाहावे, एवढीच प्रार्थना आहे."

तो उठला नाही. उलट, हा अकाली फुलोरा म्हणजे उत्पात आहे असा निर्णय त्याने दिला, आणि उत्पाताच्या शांतीसाठी व्रतस्थांनी तीनऐवजी चार स्नाने करावीत अशी आज्ञा सोडली. काय म्हणावे या पांडित्याला!

वन्येने पित्याचे पाय धरले, अग्नीपाशी चला म्हणून विनवले. धृतवर्चाने मोहर हुंगला, त्याचा चेहरा उजळला. "वसंत आला आहे, बाळ, हे मी जाणतो," तो म्हणाला. "पण शंख वाजलेला नाही, आणि मी व्रत मोडणार नाही." चौथ्या स्नानासाठी तो कपिलेत उतरला तो पुन्हा वर आलाच नाही.

तिचा आक्रोश ऐकून नदीपल्याडच्या सीमेवर तिष्ठणारा वसंत मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहिला. सात दिवसांपासून आपण इथेच आहोत, पण कोणी बोलावले नाही, असे त्याने सांगितले. तेव्हा वन्येने कपिलेचे जल ओंजळीत घेतले. पित्याचे सारे तप तिच्या वाणीत उतरले होते.

"दीर्घसत्रा, ज्या गणितासाठी तू माझ्या पित्याचा जीव घेतलास, ते वसंताला कधीही गाठणार नाही. तू आणि तुझे वंशज मांडत बसा, तो तुमच्या आधी येऊन गेलेला असेल. आणि ऋतुराजा, आजपासून तू कोणाच्याही शंखासाठी थांबू नकोस. तुला पाहायला जो घराबाहेर पडेल, त्याला तू भर थंडीतही दिस."

जल भूमीवर पडताच पळसवन पेटल्यासारखे फुलले. दीर्घसत्राने घाईघाईने शंख उचलला, पण त्यातून नाद उमटला नाही.

तो शाप आजही चालू आहे. पंचांगातला वसंत चैत्रात लागतो, आणि तोवर आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात.