कोतवालाच्या खिशातलं पाकीट

डोंगराच्या मांडीला मांडी लावून एक गाव बसलं होतं. त्या गावात येसबा नावाचा कोतवाल होता. सरकारी सांगावा आला की गळ्यात हलगी अडकवायची आणि गावाला दवंडी द्यायची, हे त्याचं काम. आवाज असा खणखणीत, की विहिरीत उतरलेल्या माणसालाही ऐकू जावा.

माणूस मोठा गोड. कुणाला नाही म्हणायचा नाही. दोन भाऊ भांडले तर दोघंही वेगवेगळे त्याच्या ओसरीवर यायचे, चहा प्यायचे आणि दोघंही "तुमचंच खरं" एवढं ऐकून समाधानानं घरी जायचे. दोन्ही डगरींवर हात ठेवून येसबानं पंचावन्न वर्षं काढली. एकही वैरी जोडला नाही, याचा त्याला कोण अभिमान!

त्याची बायको हौसा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापात तिचे कान गेले. साऱ्या गावाला ऐकू जाणारा येसबाचा आवाज तेवढा तिला ऐकू येत नव्हता. म्हणून दवंडी द्यायची असली की येसबा आधी घरी जायचा, तिच्यासमोर उभा राहून हातांनी सगळं सांगायचा, आणि मग चौकात हलगीवर थाप पडायची. हौसा म्हणायची, "गावाची दवंडी मागनं, माझी आधी!" ऐकू न येणारं माणूस मोठ्यानं बोलतं. तिचं हे बोलणं आळीभर जायचं आणि आळी हसायची.

त्या साली सरपंचाची निवडणूक लागली. दोघं उभे राहिले. छत्री चिन्हावर बापूआण्णा इंगवले, आणि कपबशीवर, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या सुंदराताई. वाद एकाच गोष्टीचा होता. बापूआण्णांच्या मेव्हण्याला डोंगर फोडून खडी काढायची होती. ग्रामपंचायतीनं दाखला दिला, की सुरुंग लागणार. बापूआण्णा म्हणायचे, "गावाच्या हाताला काम मिळंल." सुंदराताई म्हणायच्या, "डोंगराखाली घरं हायती. उडालेला दगूड माणूस बघून पडत न्हाय."

आणि डोंगराखालचं पहिलं घर येसबाचं होतं.

सुंदराताईंचं त्याला मनातून पटत होतं. पण मनातूनच.

निवडणुकीच्या कामाला सरकारनं येसबाचं नाव घातलं, तेही पलीकडच्या गावात. ज्याला असं दुसरीकडे कामावर जावं लागतं, त्याला आपल्या गावात मतदानाला येता येत नाही. म्हणून त्याला टपालाचं मत मिळतं. तालुक्याच्या कचेरीत साहेबानं येसबाला समोर बसवून समजावलं.

"ह्या कागदावर तुमच्या माणसापुढं खूण करा. कागद लहान पाकिटात घालून चिकटवा. हे मत माझंच, अशी ह्या दुसऱ्या कागदावर माझ्यासमोर सही करा. मग दोन्ही मोठ्या पाकिटात. मोजणी सुरू व्हायच्या आत हे माझ्या हातात आलं पाहिजे. एक मिनिट उशीर झाला, तर ते मत नाही. रद्दी."

येसबानं सगळं नेमकं केलं. आडोशाला जाऊन कपबशीपुढे खूण केली. सही केली. दोन्ही पाकिटं चिकटवली. आता साहेबाच्या टेबलापुढची रांग सरली की पाकीट दिलं आणि सुटला, एवढंच राहिलं होतं. रांग लांब होती, म्हणून तो जरा बाहेर आला. बाहेर बापूआण्णा उभे.

"काय येसबा, टपालाचं मत व्हय?"

"व्हय आण्णा. द्यायचं हाय."

"दे की. द्यायलाच पायजे." बापूआण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या गावात टपालाचं मत एकच हाय बघ, तुझं. मोजायला बसलं की आधी तेच फोडत्यात. छत्री निघाली तरी तुझी, कपबशी निघाली तरी तुझीच. लपायला शेजारी दुसरं मतच न्हाय!"

आणि ते हसले. त्यांनी येसबाला चहा पाजला. येसबानं तो प्याला आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं. मोजणीला अजून आठ दिवस आहेत, देऊ सावकाश, असं स्वतःला सांगून तो गावाकडे परतला.

चार दिवसांनी सुंदराताई त्याला पाणवठ्यावर भेटल्या. म्हणाल्या, "येसबादादा, कुणाला दिलं ते मी इचारणार न्हाय. पर दिलं का?"

"द्यायचंच हाय, ताई. द्यायचंच हाय."

"गपगुमान दिलेलं मत चालतं, दादा. गपगुमान ठेवलेलं न्हाय चालत."

येसबा हसला. सवयच होती. घरी जाताना मनाशी म्हणाला, ह्या एका मतानं काय डोंगर हलतोय?

मतदानाच्या आदल्या दिवशी त्यानं घरी हौसाला हातांनी समजावलं आणि मग चौकात हलगी वाजवली. "ऐका हो ऐका! उद्या सकाळी साडेसातपासनं शाळंत मतदान हाय! येताना वळखपत्र आणा! यादीत आपलं नाव बघा! बोटाला शाई लावून घ्या! आत एकट्यानंच जा, बरुबर कुणी जायचं न्हाय! आपल्या चिन्हाफुडचं बटन दाबा, मोठा आवाज झाला की मत पडलं! म्हाताऱ्यांनी या, आजाऱ्यांनी या, कुणीबी घरी ऱ्हाऊ नका हो!" हे सांगताना त्याचा आवाज जराही कापला नाही. कोटाच्या आत, छातीशी, ते पाकीट होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम उरकून तो घरी आला, तर हौसा दारातच उभी. डाव्या हाताचं पहिलं बोट तिनं त्याच्या नाकासमोर नाचवलं. नखावर काळीभोर शाई.

"पयला नंबर माझा! साडेसातला कुलूप काढायच्या आधी मी उभी. मास्तरनं खुना करून इचारलं, हौसाबाई, ऐकू येत न्हाय तर बरुबर मानूस देऊ का? म्या म्हनलं, कानानं दाबायचं हाय का बटन?" आणि मोठ्यानं हसून तिनं त्याचा हात धरला, बोटं उलटीपालटी करून पाहिली. "तुमचं? तुमच्या बोटाला शाई कुठं हाय?"

टपालाच्या मताला शाई नसते, बरं का. दिलेल्याचं बोट आणि न दिलेल्याचं बोट सारखंच दिसतं.

येसबानं एका तळव्याचं पाकीट केलं, दुसऱ्या हातानं पेटी दाखवली आणि पाकीट पेटीत टाकल्याची खूण केली. हौसानं मान डोलावली आणि चुलीकडे वळली. तीस वर्षांत त्यानं तिला केलेली ती पहिली खोटी खूण.

मोजणीचा दिवस उजाडला. कोतवाल म्हणून येसबाला तिथंही पाणी द्यायला, टेबलं मांडायला बोलावलं होतं. बापूआण्णा आणि सुंदराताई समोरासमोर बसले. साहेबानं घड्याळ पाहिलं.

"दहाला पाच कमी आहेत. टपालाचं मत कुणाचं राहिलं असेल तर आत्ता द्या. दहा वाजले की मी घेऊ शकत नाही."

येसबाचा हात कोटात गेला. बोटांना पाकिटाची कड लागली. त्यानं मान वर केली तर बापूआण्णा त्याच्याकडेच पाहत होते. रागानं नाही, नुसतेच, पाहुण्याकडे पाहावं तसे. सुंदराताईंनी मात्र मान खाली घातली होती. त्याला अडचण होऊ नये म्हणून.

पाच मिनिटं. तेवढ्यात माणूस एक आळी ओलांडून जातो. येसबाच्यानं टेबलापर्यंतची चार पावलं टाकवली नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात दहाचे ठोके पडले, आणि त्याचा हात कोटातून रिकामा बाहेर आला.

मोजणी झाली. टपालाचं पाकीट एकही आलं नव्हतं. छत्रीला दोनशे अकरा. कपबशीला दोनशे अकरा.

पुन्हा मोजलं. तेच.

साहेब म्हणाला, "मतं सारखी पडली, की कायद्यानं चिठ्ठी काढायची." त्यानं दोन चिठ्ठ्या लिहिल्या, सारख्या घड्या घातल्या आणि डब्यात टाकल्या. "कुणाच्या बाजूचा नाही असा माणूस पाहिजे उचलायला."

बापूआण्णा खदखदून हसले. "हा काय, येसबा! ह्यानं आपलं मत कुणालाच दिलं न्हाय. ह्याच्यापेक्षा सरळ मानूस तालुक्यात गावायचा न्हाय, साहेब!"

सगळे हसले. सुंदराताई हसल्या नाहीत.

चार पावलांवरचं ते टेबल. मघाशी जिथवर जायला पाय उचलले नाहीत, तिथं आता त्याला हाताला धरून नेलं. येसबानं डोळे मिटले आणि एक चिठ्ठी उचलली. साहेबानं उघडून वाचली.

"छत्री."

दोन महिन्यांत दाखला निघाला, डोंगराला सुरुंग लागले आणि येसबाला नवीन काम मिळालं. रोज दुपारी बाराला सुरुंग उडायचा. त्याआधी त्यानं दवंडी द्यायची, "घरात बसा हो, सुरुंग हाय!" रोज तो आधी घरी जायचा. हौसासमोर मूठ आवळायचा आणि फाडदिशी उघडायचा. हौसा समजायची, शेळ्या आत घ्यायची आणि भिंतीला टेकून बसायची. मग तो चौकात जायचा. असं महिनाभर निभलं.

एके दिवशी साडेदहालाच सरपंचांचा निरोप आला. "आज मेव्हण्याला घाई हाय. अकराला उडवायचंय. लगोलग दवंडी दे." येसबा तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला, चावडीत होता. घर अर्ध्या कोसावर. आधी घरी जावं तर गावाला सांगायला उशीर होतो, आणि सरपंच रागावतात. सरपंचाला नाही कसं म्हणायचं? त्यानं विचार केला, अकराला हौसा घरीच असते, चुलीपुढे. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गावाची दवंडी आधी दिली.

हलगी वाजली. बाया पोरं ओढत घरात पळाल्या, दारं लागली. वाजवत वाजवत येसबा चौकाच्या उंचवट्यावर आला आणि तिथून त्याला डोंगराखालची वाट दिसली. वाटेवर हौसा होती. डोक्यावर गवताचा भारा, पाठ गावाकडे, चाल सावकाश.

येसबानं हलगी बडवली. आणखी जोरानं बडवली. नरड्याच्या शिरा फुटेस्तोवर ओरडला. जिला ऐकू येत नाही हे साऱ्या जगात त्याला सगळ्यात जास्त ठाऊक, तिच्यासाठी तो हलगी बडवत राहिला. मग हलगी गळ्यातून फेकून धावला.

डोंगरातून धूर निघाला. आवाज मागून आला. भाऱ्यातलं गवत वाटेवर पसरलं.

गाव जमलं तेव्हा येसबा तिचा डावा हात हातात घेऊन बसला होता. पहिल्या बोटाचं नख वाढलं होतं, आणि नखाच्या अगदी टोकाला निवडणुकीच्या शाईची बारीक काळी कोर अजून शिल्लक होती. तिच्या हातात त्याचा हात. त्याची बोटं स्वच्छ.

तेराव्याला सुंदराताई आल्या. येसबानं कोटातून ते पाकीट काढलं. घामानं मऊ पडलेलं, कडांना काळं झालेलं. "ताई, हे तुमचं हुतं," तो म्हणाला. "कपबशीच हाय आत. आईशप्पथ."

सुंदराताईंनी पाकिटाला हात लावला नाही. "माझं कुठलं, दादा?" त्या म्हणाल्या. "डोंगर माझ्या घरावर न्हवता."

खाण अजून चालू आहे. येसबाही अजून कोतवालच आहे, पण चौकात उभा राहून तो आता दवंडी देत नाही. दारोदार जातो. न जाणो, कुठल्या घरात ऐकू न येणारं माणूस असेल. आणि निवडणूक आली की तो दारात उभा राहतो, तोंडानं काही बोलत नाही. कोटातून एक जुनं, चिकटवलेलं पाकीट काढतो. सगळ्यांना दिसेल असं वर धरतो. मग मूठ आवळतो, फाडदिशी उघडतो, आणि पुढच्या दारी जातो.

तात्पर्य: सगळ्यांशी गोड राहायला म्हणून जो आपलं मत खिशात ठेवतो, त्याचं मत वाया जात नाही, ते धटिंगणाच्या कामी येतं, आणि त्याची भरपाई त्याच्या घरातल्या माणसाला करावी लागते.