खोचरे मास्तर कण्हत नाहीत

“म्हणजे… बुवा, तुम्हीसुद्धा कण्हता?”

खोचरे मास्तरांनी हे विचारलं, तेव्हा दौलतबुवा खाटेवरून उठत होते. उठताना त्यांनी “आई गंऽऽ” असं काही केलं, की दारातली शेळी चरायची थांबली.

“गुडघे आहेत बाबा. दुखतात,” बुवा म्हणाले.

मास्तरांनी बायकोकडं पाहिलं. ह्याच्याकडं आणलंस मला?

लीलावहिनी उंबऱ्याशीच टेकल्या होत्या. त्यांना आता नजरेचंही काही वाटत नव्हतं. थकल्या होत्या बिचाऱ्या. मास्तरांच्या मणक्यात शीर दाबली गेली, त्याला बरीच वर्षं झाली. ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या, शेवटी डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहायचं. मग वहिनींनी परवा सांगून टाकलं, एक तर मठीत बुवांकडं चला, नाहीतर मी लेकाकडं जाते, ती कायमची.

जन्मभर शाळेत कवायत घेतलेला माणूस. मांडी घालता येत नव्हती, तरी ताठ बसला होता.

“मी आजवर तोंडातून हूं काढलेलं नाही,” मास्तर म्हणाले. “दुखणं सोसतो. मन तेवढं ताब्यात राहत नाही. रात्र रात्र झोप नाही. वाटतं, लोकांना हे सोंगच वाटत असणार. त्यावर उपाय सांगा.”

बुवा वहिनींकडं वळले. “खरं का गं? कण्हत नाही हा?”



“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “कण्हत नाहीत. ताट फेकतात.”

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“परवा सुट्टीला आलेल्या नातवाला धपाटा घातला. पेन्सिल पडली म्हणून. मला कळतच नाही बुवा, ह्यांना कुठं दुखतंय. माझं काय चुकलं, तेवढंच शोधत बसते दिवसभर.”

बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं.

“मास्तर,” बुवा म्हणाले, “कण्ह.”

“आं?”

“कण्ह की. हिच्यासमोर.”

“थट्टा करता काय म्हाताऱ्या माणसाची!”

“म्हातारा मी आहे. तू कण्ह.”

मास्तर तिरीमिरीत उठले आणि अर्ध्यात अडकले. एक हात भिंतीवर, दात आवळलेले. कपाळावर घाम फुटला.

“चपला कुठं ठेवल्यास?” ते बायकोवर ओरडले. “एक काम धड करशील तर शपथ!”

वहिनी दचकून चपलांकडं धावल्या.

“थांब पोरी,” बुवा म्हणाले. “आत्ता ह्याला काय झालं?”

“चपला… मी सरळ ठेवल्या नव्हत्या.”

“तुझं काय चुकलं ते नाही विचारलं. ह्याला काय झालं?”

वहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं. पाहतच राहिल्या. भिंतीवरचा तो हात अजून सुटला नव्हता.

मास्तरांनी मान फिरवली. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला… बारीक, लाजलेला. दुसऱ्यांदा जरा मोठा.

“आई गं…”

“कुठं हो?” वहिनी जवळ आल्या.

“पोटरीत. कमरेपासनं खाली… आग लागल्यागत.”

वहिनींनी त्यांना धरून खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि हलके हलके चोळू लागल्या. पदर घसरला होता, तो सावरायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मास्तर कण्हत होते. त्या नुसतं “हं… हं…” म्हणत होत्या.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी डोळे पुसले.

“पण बुवा, दुखणं काही कमी झालं नाही.”

बुवांनी वहिनींच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

“तुझं नाही झालं.”