मागून चालणारी आजी

कळपात सगळ्यांच्या मागे चालणारी म्हातारी पुढारी असू शकते का, सांगा बरं?

एका रानात गव्यांचा कळप होता. उन्हाळ्यात डबकं आटलं, तेव्हा आजीने नातीला, भुरीला सांगितलं, "आता नदीपर्यंत तू ने सगळ्यांना."

भुरी ऐटीत पुढे धावली. खिंडीत वळून पाहते, तर मागे कोणीच नाही! तहानलेली वासरं चढावरच बसली होती. ती घाबरून परतली.

लंगडी मावशी म्हणाली, "आलीस राणी? आम्हाला वाटलं, नदीच घेऊन येतेस!"

भुरी ओशाळली. "आजी, तू दमायचीस म्हणून मागे चालायचीस ना?"

"दमायचे की! पण मागून सगळे दिसतात गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा कळप नदीवर पाणी प्यायला. भुरी सगळ्यांत शेवटी प्यायली.