खळीचं घोंगडं

दुकानांना अजून दारं नव्हती, त्या फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराखालच्या गावात एक सणगर राहायचा. घोंगडी विणायची आणि बाजारात विकायची, हा त्याचा धंदा. त्या बाजाराची एक रीत होती. घोंगडं चारी कोपऱ्यांनी ताणून धरायचं, वर तांब्याभर पाणी ओतायचं. थेंब गळला नाही, तर सौदा पक्का.

एका साली मेंढरांत रोग आला. लोकर महागली, सणगराचा नफा आटला. त्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. मागावर बसला की उठावंसं वाटे, उठला की जावं कुठं ते कळेना. मंडळी, धंदेवाल्याला भूल पडते ती अशाच वेळी. त्याने लोकर कमी केली आणि चिंचोक्याची खळ दुप्पट चोपडली. घोंगडं पापडासारखं ताठ झालं. तांब्याभर पाणी त्याने तेवढ्यापुरतं झेललंही.

माल खपला. पण पुढे गिऱ्हाईक फिरकेना. सणगराने भाव उतरवला, लाल काठ लावले, घसा बसेस्तोवर ओरडला. चळत जागची हलेना.

"सगळं करून पाहिलंत," बायको म्हणाली, "आता घेणाऱ्याला विचारा की."

"त्याला काय कळतंय धंद्यातलं?"

"धंद्यातलं नसंल. थंडीतलं कळतं."

ते त्याला टोचत राहिलं. आपलंच नवं घोंगडं पांघरून तो माळावर एका म्हाताऱ्या धनगराकडे, आपल्या जुन्या गिऱ्हाइकाकडे निघाला. पोचतो तोच आडवा पाऊस आला. घटकाभरात खळ विरघळली, अंगावरून चिकट ओघळ लागले. त्याचे दात वाजू लागले.

धनगर हसला. "सणगरा, ह्यो लाल काठ दाव की पावसाला! भिऊन पळंल त्यो." मग त्याचा आवाज पडला. "तुज्या असल्याच घोंगड्याखाली माजी दोन कोकरं गारठून मेली रं."

आणि त्याने आपल्या अंगावरचं जुनं घोंगडं सणगरावर टाकलं. आतून ते उबदार, कोरडं होतं. सणगराने वीण ओळखली. त्याच्याच हातची होती, चांगल्या दिवसांतली.

घरी येताच त्याने खळीचा सगळा माल परत घेतला, बदल्यात दाट लोकरीचा दिला. त्या वर्षी चूल कशीबशी पेटली. "बुडाला!" बाजार म्हणाला. सणगराने मात्र रीतच बदलली: आधी एक पाऊस अंगावर घ्या, मग दाम द्या. भाव चढा होता, तरी धनगर लांबलांबून आले, येताना सोयऱ्यांना घेऊन आले. माग थांबेना.

सणगर अजूनही मधेच मागावरून उठायचा. पण आता उठायचा तो आभाळ भरलं की, डोंगराकडे बघायला.

तात्पर्य: नफा घटला की मालातली लोकर कमी करू नये, आपल्यातलं आणि गिऱ्हाइकातलं अंतर कमी करावं.