फळ्यावरची रत्नमाला

"...मग जागा गेली कुठे, बाबा?"

प्रणित चिडला होता. सकाळपासून मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर अडून बसला होता. डिस्क गच्च भरलेली. वादळाचा इशारा आत येऊन पडलेला, पण बोटींवरच्या फोनपर्यंत एकही संदेश जात नव्हता.

काझीबाबा दारात बसून समुद्राकडे बघत होते. हा सर्व्हर त्यांनीच उभा केलेला, आणि प्रणितला शिकवलंही त्यांनीच. दुपार अशी धुरकट, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळू नये.

"लॉगची, रोजच्या नोंदींची फाइल फुगली होती. सगळी जागा तिनेच खाल्लेली. मी उडवली. बघा, नावालाही नाही. तरी डिस्क भरलेलीच!"

"उडवलीस?"

"मुळासकट. मी काय नवशिका आहे?"

मी म्हणेन ती पूर्व दिशा, असा हा पोरगा. सख्ख्या भावाशीसुद्धा वर्षानुवर्षं अबोला.

बाबा उठले. भिंतीवरच्या फळ्यावर समुद्रात गेलेल्या बोटींची नावं खडूने लिहिलेली होती. बोट परतली की ती चालवणारा तांडेल येऊन स्वतःच्या हाताने नाव पुसतो. दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशी इथली रीत.

बाबांनी तळहाताने एक नाव पुसलं.

'रत्नमाला'. प्रणितचा भाऊ तिचा तांडेल.

प्रणित ताडकन उठला. "बाबा! ती आली नाहीये अजून!"

"नाव तर गेलं."

"नाव गेलं म्हणून काय झालं? बोट पाण्यातच आहे ना! माणसं तिच्यात बसलेली..."

...

तो बोलता बोलता थांबला. मग हळूच कीबोर्डकडे वळला. नाव गेलेली फाइल अजून कुणी उघडी धरून ठेवलीय का, ते त्याने सर्व्हरला विचारलं.

संदेश धाडणारा प्रोग्रॅमच तिला धरून बसला होता, म्हणून नाव गेलं तरी जागा सुटली नव्हती. त्याने तो बंद करून पुन्हा सुरू केला. डिस्क मोकळी झाली आणि इशारा निघाला.

एकेका बोटीची पोच येऊ लागली. रत्नमालेची काही येईना.

"फोन लाव भावाला," बाबा म्हणाले.

"नंबर मी केव्हाच पुसून टाकलाय."

बाबांनी फोन त्याच्यापुढे सरकवला.

...

प्रणितने फोन उचलला. बोटं कुठेही न अडखळता आकडे दाबत गेली. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पलीकडे वारा, इंजिनाची घरघर.

"कोन?"

"दादा... मी. वादळ येतंय. माघारी फीर."

पलीकडे इंजिनाचा आवाज बदलला.

"फिरतो रे. तू जेवलास?"

प्रणितला रडू आवरेना. फोन ठेवून त्याने खडू घेतला आणि फळ्यावरच्या रिकाम्या जागी तो पुन्हा नाव लिहायला लागला.

"ठळक लिही," बाबा म्हणाले. "पुसायला तो येतोय."