चाळीस मानकरी आणि एक वेस

हिरडापूरच्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते, आणि मानकरी चाळीस!

गेल्या वर्षी उदाजीराजांनी धुराला कंटाळून प्रत्येक मानकऱ्याला विजेची मोटार दिली. मोटारी मोठ्या गुणी. आवाज नाही, धूर नाही. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी चाळीसही जणी वेशीपाशी एकदम पोचल्या आणि अडकल्या.

"आधी आम्ही!"

"का म्हणून? आजोबांपासूनचा मान आहे आमचा!"

कुणी मागे सरेना. धूर नसल्यामुळे एकमेकांचे रागावलेले चेहरे मात्र छान दिसत होते! मुहूर्त टळला. वेशीबाहेरच्या आपट्याचं सोनं न लुटताच राजे परत फिरले.

यंदा दसरा जवळ आला तसे राजे चिडचिड करू लागले. गर्दीचं खापर त्यांनी फोडलं ते गावातल्या एकुलत्या एका बसवर.

"तो धुराचा डबा भंगारात काढा!" त्यांनी दिवाणजींना फर्मावलं. "रस्ता मोकळा होईल."

दुसऱ्या दिवशी बसची कंडक्टर बकुळा खांद्याला पिशवी अडकवून दरबारात हजर.

"महाराज, बस गेली तर कुंभारवाडीच्या जनाक्कांनी दवाखान्यात कसं जायचं? त्यांचे मालक तिथं पडून आहेत. रोज डबा घेऊन जातात त्या."

"विजेची मोटार घ्यावी त्यांनी!" थोरले इनामदार म्हणाले.

"घेतील की! मग वेशीत एक्केचाळीस अडकतील."

दरबारात कुणीतरी हसू दाबायला खोकलं. राजांच्या मिशा थरथरल्या.

"फार बोलतेस! मग ऐक. दसऱ्याला सगळे मानकरी माझ्याबरोबर वेशीतून बाहेर पडले पाहिजेत. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. वेशीचा दगड हलायचा नाही आणि एकाही मानकऱ्यानं घरी राहायचं नाही. जमलं तर बस राहील. नाही जमलं, तर त्याच संध्याकाळी भंगारात!"

"जमेल, महाराज. फक्त त्या दिवशी मोटारींना सुट्टी द्या."

दसरा उजाडला. वाड्यासमोर बस उभी! तिच्या कपाळाला झेंडूचं तोरण, चालकाच्या जागेवर बकुळाचे वडील भिवा, आणि आत खिडकीशी डबा मांडीवर घेतलेल्या जनाक्का.

"आम्ही? यात?" सरलष्कर ओरडले.

"मुहूर्त जवळ आलाय, साहेब. चढा."

"मग पुढची जागा आमची!"

"बसा की! दार मागं आहे. पुढं बसणारा उतरताना शेवटचा."

सरलष्कर गर्रकन मागे वळले. "मग आम्ही मागे बसतो."

"बसा! मागं बसणारा वेशीतून शेवटचा."

सरलष्कर मधेच थबकले. मागून ढकलाढकली सुरू झाली आणि ज्याला जी जागा मिळाली त्यानं ती धरली. शेवटी राजे चढले. बघतात तो एकही जागा शिल्लक नाही! जनाक्का घाईघाईनं उठू लागल्या.

"बसा, आक्का," बकुळा म्हणाली. "महाराज बसले तर कुणाच्या तरी पुढं नाहीतर मागं येतील. मधोमध उभे राहिले, तर सगळ्यांच्या बरोबर!"

राजांनी मुकाट्यानं वरचा दांडा पकडला. बकुळानं घंटीची दोरी दोनदा ओढली. बस निघाली, वेशीत शिरली आणि बाहेर पडलीसुद्धा! मुहूर्तावर आपटा लुटला गेला. चाळीस मानकरी सोनं वाटत एकमेकांना भेटले, आणि थोरल्या इनामदारांनी आपलं पहिलं पान जनाक्कांच्या हातावर ठेवलं.

तरी राजांनी शेवटचा चिमटा काढलाच. "जिंकलीस, पोरी! पण तुझ्या या डब्याचा धूर? त्याचं काय?"

"महाराज, तुमच्या अंगणात आज चाळीस मोटारी रिकाम्या उभ्या आहेत. त्यांची वीज या एका गाडीत घाला की!"

राजे इतक्या मोठ्यानं हसले, की आपट्यावरचे पक्षी उडाले.

"दिवाणजी! उद्यापासून बस विजेवर! आणि तुला काय हवं, बकुळा?"

"कुंभारवाडीला आणखी एक फेरी."

"दोन देतो! पण एका अटीवर." राजांनी आवाज खाली आणला. "परत जाताना ती घंटी मी वाजवणार."

"वाजवा की. पण एकदा ओढलीत तर गाडी थांबते, महाराज. दोनदा ओढलीत तर निघते."

राजांनी दोनदा ओढली.