वादळातला चहाचा कप

धुक्यातून ती जुनी पांढरी मोटारयॉट खारबेटाच्या धक्क्याला लागली, तेव्हा पाण्यावर एखादा ढगच उतरल्यासारखं वाटलं. आमच्या बेटावर दवाखाना नाही. बाळंतपणात अडलेल्या बाईला खवळलेल्या समुद्रातूनही पलीकडे नेता यावं, म्हणून गावाला एक भक्कम बोट हवी होती. मी तर मनातल्या मनात तिच्यावर बेटाचं नावही रंगवून टाकलं होतं.

ती विकायला आलेले मालक राजाध्यक्ष ऐटीत म्हणाले, "गेल्या वर्षी वादळात एकटाच सापडलो. टपाच्याही वर जाणाऱ्या लाटा! पण हातातल्या कपातून चहाचा एक थेंब सांडला असेल तर शपथ."

सगळे भारावून ऐकत राहिले. वीस वर्षं मासेमारीची होडी चालवणाऱ्या मथुरामावशीने हळूच विचारलं, "शेट, असल्या लाटांत सुकाणू कसं धरलंत?"

"दोन्ही हातांनी, घट्ट! एक हात जरी सोडला असता तरी उलटलोच असतो."

"मग कप कोणी धरला होता?"

धक्क्यावर हशा पिकला. राजाध्यक्षांचे कान लाल झाले.

"हसू नका रे," मावशी म्हणाली. "शेट, हिच्यात आमच्या दिवस भरलेल्या पोरी बसणार आहेत. खरं काय ते सांगा."

राजाध्यक्षांनी टोपी काढली. "सुकाणूवर माझा खलाशी होता, बाई. मी खाली आडवा पडून ओकत होतो."

"मग त्याचा नंबर द्या," मावशी म्हणाली. "बोट कशी आहे, ते त्यालाच विचारते."